मेल मोठ्यानं वाचा

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत अकाउंट्स आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझ्यासारखी कितीतरी माणसं आहेत. पलीकडे भट्टी आणि फेटलिंगचा आवाज, समोर इनबॉक्स. पिग आयर्न, फेरो सिलिकॉन, रेझिन देणाऱ्यांची बिलं तिथंच येतात, चाकणच्या आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही तिथंच. पी.ओ., प्रोफॉर्मा, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट, पेमेंटची स्विफ्ट कॉपी, सगळं मेलवर. पैशाची ये-जा जिथं, तिथंच चोर दबा धरून बसणार. त्यामुळे फसव्या मेलशी माझा संबंध रोजचा. त्यांच्याबद्दल काही लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण या विषयावर आपल्याकडे जे बोललं जातं ते एक तर थट्टेत जातं नाही तर भीती घालण्यात.

थट्टेचं मोल मला मान्य आहे. आमच्या ऑफिसात चारच्या चहाला अशा मेलचं वाचन व्हायचं. डिस्पॅचचा एक पोरगा आवाज बदलून वाचायचा. कुठल्या तरी देशाच्या मृत सेनापतीची बायको, तिला झालेला असाध्य आजार, बँकेत अडकलेले लाखो डॉलर आणि ते धर्मकार्याला लावण्यासाठी तिनं निवडलेला आमचा स्टोअरकीपर. सगळं ऑफिस हसायचं. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीची पत्रंही यायची, की तुमच्या नावे इतके पौंड आमच्याकडे पडून आहेत, सोडवून घ्यायला 'प्रक्रिया शुल्क' भरा. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाची खाती ठेवतच नाही, आणि हे तिनं जाहीर निवेदनं काढून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तरी ती पत्रं थांबलेली नाहीत.

हे वाचन मी कधी थांबवलं नाही. त्यातून पोरं जे शिकली ते ट्रेनिंगच्या स्लाइड बघून शिकली नसती. एकट्यानं वाचताना डोळा रकमेवर जातो, चारचौघांत मोठ्यानं वाचलं की प्रश्न पडायला लागतात. एवढी मोठी बँक जीमेलवरून कशी लिहिते? पाठवणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव दिसतंय, पण नावावर क्लिक केल्यावर खाली पत्ता कुणाचा? उत्तर द्यायला गेलं की तिसराच पत्ता का येतो? लिंकवर नुसता माउस नेला की खाली खरा पत्ता दिसतो, आणि त्यातलं साइटचं नाव शेवटाकडून वाचायचं असतं, हे आमच्या स्टोअरकीपर काकांना त्या चहाच्या टेबलावर कळलं. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं ती मालकाची पाटी, त्याच्या अलीकडे बँकेचं नाव कितीही ठळक लिहिलेलं असो. काका पुढे घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे मेल तपासून देऊ लागले. जुलैत आयकराच्या रिफंडचे खोटे मेल सुटतात तेव्हा त्यांच्याकडे गल्लीतली माणसं मोबाइल घेऊन यायची.

पण त्या हसण्यातून एक समजही घट्ट होत जातो, की फसवा मेल हा असा हास्यास्पदच असतो आणि तो ओळखता न येणारा माणूस बावळट असतो. या समजानं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं एखाद्या व्हायरसनं केलं नसेल असं माझं मत आहे.

त्या विधवेचं पत्र मुळात हास्यास्पद का असतं? कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकानं २०१२मध्ये यावर एक निबंध लिहिला. नायजेरियाचं नाव या फसवणुकीशी जोडलं गेलेलं जगाला ठाऊक असताना हे लोक आपण नायजेरियाचे असं का सांगतात, असा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर साधं हिशेबाचं आहे. मेल लाखोंना पाठवायला खर्च जवळजवळ नाही. खर्च सुरू होतो तो कुणी उत्तर दिल्यावर, कारण मग महिना-महिना पत्रव्यवहार करावा लागतो. जो अर्ध्यात शहाणा होऊन निघून जाईल तो त्यांना तोट्याचा. म्हणून पहिलं पत्रच इतकं अचाट ठेवायचं की शंका घेणारे सगळे दारातच गळावेत. आपण हसतो तेव्हा त्यांचं चाळण्याचं काम आपण फुकट करून देतो. हा धंदाही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत 'स्पॅनिश कैद्या'ची पत्रं टपालानं यायची. तुरुंगात अडकलेला धनिक, त्याचा पुरलेला ठेवा आणि सुटकेसाठी थोडी मदत. १९८०च्या दशकात नायजेरियातून तीच गोष्ट टपालानं आणि फॅक्सनं निघाली. तिथल्या फौजदारी कायद्याच्या ज्या कलमाखाली ती येते त्यावरून तिला '४१९' म्हणतात.

आमच्यासारख्या ऑफिसवर येणारा मेल असा नसतो. त्याला हसता येईल असं त्यात काहीही नसतं.

एक उदाहरण जवळून सांगते. महिन्याचा शेवटचा आठवडा, पेमेंट सोडायची घाई. आमच्या रेझिनच्या सप्लायरचा मेल आला. नवा मेल नव्हता, जुन्याच चर्चेला दिलेलं उत्तर होतं. खाली आमचेच आधीचे मेल, आमचा पी.ओ. नंबर, बाकी रक्कम पैशापर्यंत बरोबर. मजकूर चार ओळींचा: ऑडिटमुळे आमचं चालू खातं तात्पुरतं गोठवलं आहे, या महिन्याचं पेमेंट सोबतच्या खात्यावर करावं, तसदीबद्दल क्षमस्व. सोबत लेटरहेडवर पत्र, सही-शिक्का आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो. भाषा तीच. त्यांचा अकाउंटंट दर मेलच्या शेवटी स्वतःचं नाव लहान अक्षरांत टाकतो, तेही तसंच. पत्त्यातल्या नावात 'एम' होता, त्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून टाकलेले होते. स्क्रीनवरच्या बारीक अक्षरांत ते दोन्ही एकच दिसतात. मी स्वतः तो पत्ता तीनदा वाचून मगच फरक पाहू शकले, तेही आधी सांगितल्यावर.

पकडलं ते आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या मुलीनं. व्हेंडर मास्टरमध्ये नवं खातं भरताना ती आयएफएससी कोडची शाखा बघून घ्यायची. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मॅडम, पार्टी सांगलीची आणि खातं दुसऱ्या राज्यात कसं ओ?" आमच्याकडे नियम होता की खातं बदलायचं असेल तर फोन करून विचारायचं, आणि फोन नंबर मेलमधला घ्यायचा नाही, जुन्या बिलाच्या फाइलमधला घ्यायचा. तिनं फाइल काढली, फोन लावला. पलीकडून अकाउंटंट म्हणाला, "आम्ही कुठं खातं बदललंय?"

नंतर त्यांच्या कॉम्प्युटरवाल्यानं शोधलं तेव्हा कळलं की त्यांच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी कित्येक दिवस बसून होतं. आत शिरून त्यानं एक नियम लावून ठेवला होता. 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' हे शब्द असलेला मेल आला की तो इनबॉक्समध्ये न दिसता कुणी न उघडणाऱ्या एका फोल्डरमध्ये जायचा आणि त्याची एक प्रत बाहेर जायची. आमची बोली, आमच्या तारखा, उधारीची मुदत, मालक कधी परगावी असतात, हे सगळं त्यानं वाचून घेतलं होतं. अशा मेलला ओळखायची खूण मेलमध्ये नसते. ती मेलच्या बाहेर, तुमच्या कामाच्या पद्धतीत असावी लागते. त्या दिवशी वाचलो ते त्या मुलीच्या शंकेमुळे आणि जुन्या फाइलमधल्या नंबरमुळे.

या प्रकाराला आपल्या वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांचा भोळेपणा म्हणायचं असेल तर गूगल आणि फेसबुकचं काय झालं ते बघा. इव्हाल्डास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियाच्या माणसानं तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराच्या नावानं लात्व्हियात कंपनी नोंदवली, खोटी बिलं आणि मेल पाठवले आणि २०१३ ते २०१५ या काळात या दोन कंपन्यांकडून मिळून बारा कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जगाची मेलसेवा चालवणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यानं ते बिल पास केलं होतं. बांगलादेश बँकेवरचा फेब्रुवारी २०१६चा दरोडाही आधी मेलनंच आत शिरला. बँकेच्या लोकांना नोकरीचे अर्ज आले, बायोडेटाच्या लिंकसकट. असे अर्ज आमच्या एच.आर.ला रोज येतात. पुढे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या त्यांच्या खात्यातून सुमारे पंच्याण्णव कोटी डॉलर हलवायच्या सूचना गेल्या. त्यातले आठ कोटी दहा लाख फिलिपिन्सला पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी थांबले, कारण 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिलेला वाटेतल्या बँकेत कुणाला तरी खटकला. शुद्धलेखनाची चूक पकडली म्हणून दोन कोटी वाचले हे खरं. पण फिलिपिन्सला गेलेल्या आठ कोटींच्या सूचना वेळेत कुणाला अडवता आल्या नाहीत.

आणि आता तर चुकीच्या भाषेचा भरवसाच संपला. एआयला सांगितलं की तो स्वच्छ मराठीत, साहेबांच्या ढंगात मेल लिहून देतो. 'व्याकरण बघा, स्पेलिंग बघा' हा सल्ला आम्ही वर्षानुवर्षं पोरांना दिला. आता तो एकटा पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

आमच्या वसाहतीतल्याच एका कारखान्याची गोष्ट मात्र मला विसरता येत नाही. त्यांच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाला कारखान्याच्या नावानं खोटा मेल गेला. त्यानं मालाचे पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात भरले आणि स्विफ्ट कॉपी पाठवून दिली. त्या कॉपीवरचा खाते नंबर बघून तिथल्या अकाउंटंटच्या पायाखालची जमीन सरकली. तो दिवस शुक्रवार होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आधी आपणच शोधू, काही मार्ग निघतो का बघू, म्हणून शनिवार-रविवार तो एकटा त्या कागदाशी झुंजत राहिला. सोमवारी मालकांना कळलं, मग दोन्हीकडच्या बँकांना. तोवर ते खातं रिकामं झालं होतं. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या बँकेनं त्याच तासाला स्विफ्टवरून परतीची मागणी पाठवली तर पैसे अडवायची थोडी तरी आशा असते, दोन दिवसांनी नसते.

तो का गप्प बसला, हे त्याच्या सहकाऱ्यांना समजलं नाही. मला समजलं, कारण पुढचे कित्येक महिने मी वसाहतीच्या टपरीवर त्याच्याबद्दलचं बोलणं ऐकत होते. "एवढा बी.कॉम. झालेला माणूस, मेल ओळखता येईना होय?" खरं तर मेल ओळखण्यात त्याची काहीच चूक झाली नव्हती. खोटा मेल त्याला आलाच नव्हता, पैसे त्यानं भरले नव्हते. पण हसणाऱ्याला हा तपशील नको असतो. त्यानं नोकरी सोडली. हुशार, सचोटीचा माणूस होता, टॅलीतली एक एंट्री चुकू द्यायचा नाही. त्याच्याशी जे झालं ते अन्यायाचं होतं, असं मी आजही म्हणते.

याच लाजेचा दुसरा चेहरा मी आमच्या ऑफिसात पाहिला. डिस्पॅचचे एक काका, निवृत्तीला आलेले. दोन दिवस डबा उघडत नव्हते. विचारलं तर "काही नाही, पित्त झालंय" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि मोबाइल पुढे केला. मेलला जोडलेलं इंग्रजी पत्र होतं. वर अशोकस्तंभ, खाली लाल शिक्का. तुमच्या इंटरनेट जोडणीवरून लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ पाहिल्याचं आढळलं आहे, पोक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा, चोवीस तासांत उत्तर द्या, नाही तर अटक आणि प्रसारमाध्यमांना माहिती. पत्र वाचून दाखवताना त्यांचा आवाज थरथरत होता. "मी असलं कधी बघितलं नाही हो. पण नातवाच्या हातात मोबाइल असतो. घरी कुणाला सांगू?"

मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तुम्ही सगळी चहाला हसता. म्हटलं, उद्या माझं पत्र वाचतील."

त्यांच्या परवानगीनं ते पत्र मी तेव्हाच, त्यांच्या शेजारी बसून, मोठ्यानं वाचलं. अकाउंट्सची सगळी मंडळी ऐकायला आली. वाचता वाचता त्यातली हवा निघत गेली. सीबीआय, इंटेलिजन्स ब्युरो आणि दिल्ली पोलीस एकाच कागदावर कसे? गुन्ह्याचा नंबर कुठे आहे? पोलीस ठाणं कुठलं? उत्तर पाठवायचा पत्ता जीमेलचा का? आरोपीचं नाव तरी कुठे लिहिलंय, सगळीकडे नुसतं 'तुम्ही'. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं हेच नमुने खोटे म्हणून पुन्हा पुन्हा जाहीर केले आहेत, ते आम्ही काकांना उघडून दाखवलं. अशा पत्राला उत्तर दिलं की पुढे फोन येतो, मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, आणि मग 'डिजिटल अरेस्ट'. कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगितलं, तरी माणसं त्या भीतीनं आयुष्यभराची पुंजी भरत आहेत.

त्या दुपारी शेवटी सगळे हसले, काकाही हसले. ते हसणं पत्राला होतं. चोराचं भांडवल म्हणजे माणूस एकटा असणं. चार माणसांत ते पत्र टिकत नाही. म्हणून चहाचं वाचन आम्ही चालू ठेवलं, फक्त एक गोष्ट पक्की केली. वाचायचं ते पत्र. ज्याला ते आलं, ज्यानं त्यावर क्लिक केलं, त्याचं नाव थट्टेत घ्यायचं नाही. उलट 'मी क्लिक केलंय' असं जो पहिल्या पाच मिनिटांत येऊन सांगेल त्याला मालक स्वतः शाबासकी देतील, असं मालकांकडून कबूल करून घेतलं. पोरं खरंच सांगायला यायला लागली. पासवर्ड तिथल्या तिथं बदलले जायचे, मशीन नेटवर्कवरून काढलं जायचं.

चोराला उत्तरं लिहून त्याचीच फजिती करायची, हाही एक प्रकार जगात चालतो. जेम्स व्हीच या इंग्लंडच्या विनोदी कलाकाराचं त्यावरचं टेड भाषण आमच्या पोरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं आणि त्यांनाही तसं करायचं होतं. मी नको म्हटलं. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्याला कळतं, सहीखालचा हुद्दा आणि फोन नंबर मिळतो, आणि तो पुढच्या, न हसण्यासारख्या मेलला कामी येतो. दुसरं असं की पलीकडे कोण बसलं आहे हे आपल्याला दिसत नाही. म्यानमारमधल्या म्यावाडीच्या परिसरात अशा फसवणुकीची अख्खी संकुलं आहेत, आणि तिथं डेटा एंट्रीच्या नोकरीची आमिषं दाखवून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, मारहाण करून कामाला लावलेली भारतीय पोरं होती. मार्च २०२५मध्ये वायुसेनेच्या विमानांनी त्यांतल्या पाचशेहून जास्त जणांना थायलंडमार्गे परत आणलं. त्यांना तिथं नेणारी ती नोकरीची ऑफरही खोटीच होती, आणि तिला हसून सोडून द्यायला त्यांच्याकडे दुसरी नोकरी नव्हती.

व्यवस्थाही हळूहळू सुधारते आहे, हे नोंदवायला हवं. पूर्वी आर.टी.जी.एस. करताना पैसे खाते नंबरावर जायचे, नाव जुळतं का हे बघितलं जात नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ एप्रिल २०२५पासून पैसे सोडण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यावी लागली. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर संपावा असंही ठरलं. पैसे सोडण्याआधी दिसणाऱ्या खातेदाराच्या नावाकडे रोज बघा. ते एक मिनिट मी माझ्या हाताखालच्या कुणालाही वाचवू देत नाही, महिनाअखेर असली तरी.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातलं, ऑफिसातलं कुणी उद्या मोबाइल पुढे करून उतरल्या चेहऱ्यानं उभं राहिलं, तर "तुला एवढंही कळलं नाही?" हे विचारू नका. पैसे किती वाजता गेले, कुठल्या खात्यातून गेले, व्यवहाराचा यू.टी.आर. नंबर काय, एवढं विचारा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून द्या. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. त्याच्या शेजारी बसा. बाकी बोलणं तक्रार नोंदवून झाल्यावर.